बैल चालवून दाखवावा लागतो

कल्याणहून माळशेज घाटाकडे निघालं की मुरबाड आणि सरळगाव मागे पडतात आणि टोकावडे लागतं. पुढे वैशाखरे, मोरोशी आणि मग घाट. राष्ट्रीय महामार्ग ६१ हे या रस्त्याचं आजचं नाव, पण ही वाट सातवाहनांच्या काळापासून मालाची आहे. वैशाखऱ्याजवळून नाणेघाट चढतो. त्याच्या माथ्यावर जकातीचा दगडी रांजण आणि सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आजही उभे आहेत. कल्याण बंदरात उतरलेला माल याच खोऱ्यातून जुन्नरकडे जायचा. त्यामुळे विकणं ही इथल्या माणसाला नवी गोष्ट नाही. मोबाइलच्या काचेसमोर उभं राहून विकणं मात्र नवं आहे.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या गाड्या घाटाकडे धावतात. रस्त्याच्या कडेला काकडी, मक्याची कणसं मांडलेली असतात. गाडी थांबते, घासाघीस होते, माल जातो. आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत तेच गिऱ्हाईक डोंबिवलीत नाहीतर ठाण्यात बसून मोबाइलवर माल शोधत असतं. ते ओळखून आता अनेक घरांनी तांदूळ, नाचणीचे पापड, मध, आंबा, शेतावरची राहण्याची सोय यांचे व्हिडिओ स्वतःच करायला घेतले आहेत. इथूनच वैताग सुरू होतो. बोलायला लागलं की शब्द पळतात. चेहरा काळा दिसतो. आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. ऐन वाक्यात कुणाचा तरी फोन येतो. व्हिडिओ अपलोड होता होता नेटवर्क जातं आणि सगळं करून टाकलाच, तर बघणारे घरचेच चारजण. मग मोबाइल फडताळावर जातो आणि ‘हे आपलं काम नव्हे’ असा निकाल लागतो.

हा निकाल घाईचा आहे असं मला मनापासून वाटतं. यातल्या जवळजवळ प्रत्येक त्रासाला ठरलेलं कारण आहे. काही कारणं प्रकाशात आणि ध्वनीत आहेत, काही आपल्या कानात आणि डोळ्यात. सगळ्यांत मोठं कारण असं की, कॅमेरा दिसला की आपण टीव्हीवरच्या जाहिरातीसारखं बोलू लागतो आणि गिऱ्हाइकाला जे विचारायचं असतं त्याचं उत्तर द्यायचं राहून जातं.

हा वैताग जुना आहे, आणि तो सुरुवातीच्या काळात ज्यांनी भोगला त्यांत एक मराठी माणूसही होता. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि १ एप्रिलला मुंबईत परतले. कॅमेरा होता, पण चित्रपटासाठी पैसे नव्हते. तोंडी सांगून कोण पैसे देणार? फाळक्यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर पक्का बसवला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर एक-दीड मिनिटात दाणा फुटला, कोंब वर आला, वेल चढली. निवडक लोकांना बोलावून हे दाखवलं आणि त्या बैठकीतून कर्जाची वाट मोकळी झाली. मराठी माणसाने केलेला पहिला विक्रीचा व्हिडिओ कोणता असं कुणी विचारलं तर मी ‘अंकुराची वाढ’ हेच नाव घेईन. त्यात कुणी काही बोलत नाही. वस्तू आपलं काम करून दाखवते, एवढंच.

पुढचा त्रास तर आपल्या ठाणे जिल्ह्यातच घडला. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचं बाहेरचं चित्रण वांगणीला होतं. तलवारी घेतलेली, रंगरंगोटी केलेली माणसं शिवारात फिरताना पाहून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले. पाटलाकडे वर्दी गेली, फौजदार आला आणि मंडळींना धरलं. मागाहून फाळके पोहोचले. त्यांनी फौजदाराला कॅमेरा उघडून दाखवला आणि आत फिल्म न घालता एक प्रसंग ‘चित्रित’ करून दाखवला, तेव्हा कुठे सुटका झाली. बाईची भूमिका करायला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या उपाहारगृहातल्या आचाऱ्याला तारामती केलं. घरात पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या कडांना छिद्रं पाडायचं किचकट काम अंधाऱ्या खोलीत बसून शिकल्या. हे सगळं वाचल्यावर, फोनची मेमरी ऐनवेळी भरली म्हणून हताश होणाऱ्या माणसाला आपण एकटे नाही एवढं तरी कळतं.

फाळक्यांचा मला सर्वांत आवडणारा धडा सुरतचा आहे. तिथे चित्रपट लागला तेव्हा पहिल्या दिवसाचा गल्ला होता तीन रुपये. कारण उघड होतं. सुरतेत दोन आण्यांत सहा तास चालणारं नाटक बघायला मिळायचं, मग तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ कोण बघणार? फाळक्यांनी चित्रपट बदलला नाही. जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत, अशा आशयाची जाहिरात केली. लोक आले आणि गल्ला वाढला. गिऱ्हाईक लांबी मोजत होतं, म्हणून त्यांनी लांबीच सांगितली. प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न त्यांनी नेमका पकडला.

आता मोबाइलकडे येऊ.

स्वतःचा पहिला व्हिडिओ पाहिल्यावर बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य येतं, ‘ई, माझा आवाज असा आहे?’ असं वाटणं साहजिक आहे. बोलताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक हवेतून कानात, दुसरा जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानात. हाडांतून येणारा आवाज खर्जाला जोर देतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो, म्हणून आपलाच आवाज आपल्याला पातळ आणि परका लागतो. बाकीच्या जगाने मात्र तुमचा तोच आवाज जन्मभर ऐकलेला असतो, त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

चेहऱ्याचंही तसंच. आरशात आपण स्वतःला उलटं बघतो, डाव्या गालावरचा तीळ डाव्याच बाजूला. व्हिडिओत चेहरा सुलट येतो, जसा तो लोकांना दिसतो. १९७७ साली अमेरिकेत मिटा, डर्मर आणि नाइट या मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणींना त्यांच्याच छायाचित्राच्या दोन प्रती दाखवल्या, एक सुलट आणि एक आरशातल्यासारखी उलटी. त्यांना स्वतःला बहुतांशी उलटी आवडली आणि त्यांच्या मैत्रिणींना सुलट. ज्याची सवय तेच आवडतं. म्हणून माझा आग्रह असतो की पहिले काही व्हिडिओ स्वतः तपासू नयेत. जावेला दाखवा, शेजारच्या काकूंना दाखवा, आणि त्यांना ‘मी कशी दिसते’ असं विचारू नका. ‘भाव कळला का? कुठे मिळतो ते कळलं का?’ एवढंच विचारा.

कॅमेऱ्यासमोर शब्द पळण्याचं एक कारण पाठांतर आहे. मजकूर पाठ केला की एक शब्द सुटला तरी पुढची सगळी ओळ अडते. त्याऐवजी मोबाइलमागे घरातलं कुणीतरी उभं करा आणि त्याला विचारू द्या, ‘वहिनी, हे किती दिवस टिकतात?’ वहिनींनी उत्तर देताना प्रश्न उत्तरात घ्यायचा: ‘हे पापड डब्यात कोरडे ठेवले तर वर्षभर टिकतात.’ मग विचारणाऱ्याचा आवाज कापून टाकला तरी वाक्य पुरं राहतं. कॅमेऱ्याशी बोलणं कुणालाच जमत नाही, पण पुतण्याशी बोलणं सगळ्यांना जमतं.

मुरबाड तालुक्यातल्याच फांगण्याच्या आजीबाईंची आठवण इथे काढली पाहिजे. ८ मार्च २०१६ला तिथे ‘आजीबाईची शाळा’ सुरू झाली. योगेंद्र बांगर या शिक्षकाची ती कल्पना, मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची साथ. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून निघालेल्या साठी-सत्तरीच्या बायकांची चित्रं देशाबाहेरही गेली. ती पुन्हा पाहिली की लक्षात येतं, या आजी कॅमेऱ्याकडे बघून काही सांगत नाहीत. त्या पाटीवर अक्षर गिरवत असतात, कविता म्हणत असतात. हाताला काम असलं की चेहऱ्यावरचा ताण उतरतो. मोबाइलसमोर रिकाम्या हाताने उभं राहू नये, ही त्या चित्रांतून मिळालेली शिकवण मला कोणत्याही कार्यशाळेतल्या सूचनेपेक्षा मोलाची वाटते.

पण हाताने करायचं काय? याचं उत्तर पौष पौर्णिमेला म्हसोबाच्या यात्रेत मिळतं. मुरबाडजवळच्या म्हसा गावची ही यात्रा गुरांच्या बाजारासाठी नावाजलेली. बैल घ्यायला आलेला शेतकरी विकणाऱ्याचं बोलणं फारसं ऐकतच नाही. तो दात बघतो, खूर बघतो, खांद्यावर हात फिरवतो आणि म्हणतो, ‘चालवून दाखवा.’ विकणारा कासरा धरून बैल चालवतो. तो लंगडतो का, बुजतो का, हे चार पावलांत कळतं. तुमचा व्हिडिओ म्हणजे ती चार पावलं. गिऱ्हाईक समोर असतं तर त्याने वस्तू कशी हाताळली असती, काय उलटून बघितलं असतं, काय विचारलं असतं, तेच त्याच्या वतीने तुम्ही करून दाखवायचं. एकच गोष्ट बाजारापेक्षा वेगळी. तिथे जुन्या रीतीत भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो. व्हिडिओत भाव झाकून ठेवला आणि ‘किंमत इनबॉक्समध्ये’ म्हटलं की अर्धी गिऱ्हाइकं पुढे सरकतात. दर, वजन, घरपोच मिळतं का, हे मोकळेपणाने सांगा.

नाचणीच्या पापडाचंच घ्या. सगळा व्हिडिओ पाऊण मिनिटाचा. सुरुवातीला नमस्कार नको, बचत गटाचं नाव नको. थेट कढईत पापड सोडलेला दिसू द्या. तो फुलतो, कडा वळतात, तेल चरचरतं. ती चरचर कुठल्याही गाण्यापेक्षा चांगली. मग कच्चा पापड खिडकीच्या उजेडासमोर धरा, म्हणजे नाचणीचा रंग आणि तिळाचे दाणे आरपार दिसतात. मग तळलेला पापड मोडा, आवाज येऊ द्या. मग वाळवणाची खाट, त्यावरचा पांढरा पंचा, उलटवणारे हात. शेवटी पाकीट, त्यावरचं वजन, तारीख, एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक आणि तुमचा मोबाइल नंबर पडद्यावर ठळक अक्षरांत. बोलणं यातल्या कुठल्याच चित्रासोबत रेकॉर्ड करायचं नाही. ते नंतर वेगळं करून चित्रांवर बसवायचं. चित्र आणि आवाज वेगळे केले की निम्मा वैताग तिथेच जातो, कारण एका चुकलेल्या शब्दासाठी पुन्हा पापड तळावा लागत नाही.

स्वयंपाकघरात काढलेले व्हिडिओ धूसर का येतात याचं कारण फार साधं आहे. पिठाचं, तेलाचं बोट मोबाइलच्या मागच्या काचेवर लागलेलं असतं. उजेड त्या तेलकट थरावर पसरतो आणि सगळ्या चित्रावर धुकं येतं. लोक यासाठी नवा मोबाइल घ्यायला निघतात. जुन्या, धुतलेल्या सुती कापडाने काच पुसून आधी एकदा बघा.

दारात उभं राहिलं की चेहरा काळा येतो, तेही असंच. मागे उन्हाने लखलखणारं अंगण असतं, मोबाइल त्या लखलखाटाला जुळवून घेतो आणि पुढचा माणूस अंधारात जातो. माणसाने तोंड अंगणाकडे करावं आणि मोबाइल अंगणात ठेवावा. ओटीची, पडवीची सावली यासाठी उत्तम, कारण तिथे उजेड सगळीकडून सारखा येतो. एप्रिल-मेच्या दुपारी डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, तेव्हा सकाळ किंवा चारनंतरची वेळ धरा. आपल्याकडचं पावसाळी ढगाळ आभाळ मात्र देणगी आहे. साऱ्या आभाळाचा मऊ उजेड फुकट मिळतो. चित्रण चालू असताना चित्र मध्येच उजळ, मध्येच काळपट होत असेल तर पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरा. बहुतेक मोबाइलवर उजेड आणि फोकस तिथेच पक्के होतात. आणि ट्यूबलाइटखाली पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर घाबरू नका. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि कॅमेऱ्याची गती त्याच्याशी जुळत नाही. सेटिंगमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय असतो. नसेल तर दिवा बंद करून खिडकीपाशी या.

आवाजाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि तिथेच व्हिडिओ मरतो. चित्र थोडं हललं तरी माणूस बघतो, आवाज घुमला की पुढे सरकतो. नियम एकच आहे: माइक तोंडाजवळ हवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, आणि आजूबाजूचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. चार पावलांवर ठेवलेल्या मोबाइलला तुमच्या बोलण्यापेक्षा मिक्सर, कोंबडा आणि महामार्गावरचा ट्रक जास्त ऐकू येतो. कॉलरला लावायचा वायरचा माइक काहीशे रुपयांत मिळतो. पैसे खर्च करायचेच तर पहिला खर्च हा. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा रिकाम्या सिमेंटच्या खोलीत आवाज भिंतींवर आदळून परत येतो. ज्या खोलीत गाद्या, गोधड्या, भाताची पोती आहेत तिथे तो शोषला जातो. म्हणून वेगळं बोलणं रेकॉर्ड करायला धान्याची खोली चांगली. उभ्या असलेल्या गाडीच्या काचा वर करून आत बसलात तर त्याहून चांगलं. आणि आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना बोलायचा हट्टच धरू नये. त्या दिवशी चित्रं काढावीत.

चित्रण सुरू करण्याआधी मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, म्हणजे ऐन रंगात आत्याबाईंचा फोन येऊन रेकॉर्डिंग तुटणार नाही. मेमरीत किती जागा आहे तेही बघा.

घाटाच्या पायथ्याला नेटवर्क ये-जा करतं, त्यामुळे अपलोडचं थोडं गणित करावं लागतं. १०८० रिझोल्यूशनचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण १०० एमबीच्या आसपास जातो. अपलोडचा वेग सेकंदाला एक मेगाबिट असेल तर त्याला तेरा मिनिटांहून जास्त लागतात, कारण आठ बिटांचा एक बाइट. हाच व्हिडिओ फोर-केमध्ये काढला तर त्याचं वजन कितीतरी वाढतं, आणि मोबाइलवर बघणाऱ्याला फरकही कळत नाही. तेव्हा १०८० पुरे. रात्री नेटवर्क मोकळं असतं तेव्हा लावून ठेवा, नाहीतर बाजाराला सरळगाव-मुरबाडला जाल तेव्हा तिथून टाका. मुंबईतल्या भाच्याकडून एडिटिंग करून घेत असाल तर त्याला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबून बारीक केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

याच तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हा दुकानदारांच्या हाती कार्ड घासायची यंत्रं आली होती. आज पैसे क्यूआर कोडने येतात, म्हणून काहीजण व्हिडिओच्या शेवटी क्यूआर कोड दाखवतात. पण बघणाऱ्याच्या हातात एकच मोबाइल असतो आणि त्याच मोबाइलच्या पडद्यावरचा कोड तो त्याच मोबाइलने सहज स्कॅन करू शकत नाही. त्या जागी नंबर द्या, आणि तो व्हिडिओखालच्या मजकुरातही लिहा, म्हणजे बोट लावून फोन करता येतो.

सारोळा कासारच्या सुमन धामणे यांची गोष्ट या सगळ्याहून वेगळी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव. आजीच्या हाताला चव होती, सतरा वर्षांच्या नातवाला, यश पाठकला, मोबाइलचं कळत होतं. २०२० साली दोघांनी मिळून ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल सुरू केलं. कॅमेऱ्याची सवय नसलेल्या आजी आधी बिचकायच्या, इंग्रजी शब्दांवर अडखळायच्या. तरी त्या आपल्याच बोलीत बोलत राहिल्या आणि लोकांना तीच बोली भावली. टोकावड्याच्या माणसानेही पुणेरी सुरात ‘नमस्कार मंडळी’ म्हणायची गरज नाही, ‘हाय’ आणि ‘नाय’ खुशाल येऊ द्यावं. पण मला सांगायचंय ते पुढचं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचं चॅनेल हॅक झालं. महिनोन्‌महिने केलेलं काम डोळ्यांदेखत गेलं. काही दिवसांनी ते परत मिळालं आणि आजी पुन्हा चुलीपुढे बसल्या. म्हणून आजच, हे पान वाचून झाल्यावर, गूगल खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. पासवर्ड गटातल्या सगळ्यांना वाटू नका. ‘तुमच्या चॅनेलला जाहिरात देतो, ही फाइल उघडा’ असा ईमेल आला तर उघडू नका. आणि सगळे मूळ व्हिडिओ एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.

शेतावर राहण्याची सोय असणाऱ्यांनी धबधबा दाखवू नये असं मी म्हणणार नाही, पण धबधबा सगळेच दाखवतात. लहान मुलं आणि म्हातारे आईवडील घेऊन निघालेल्या कुटुंबाला संडास-बाथरूम कसं आहे, गाडी दारापर्यंत येते का, पावसात शेवटचा कच्चा रस्ता कसा असतो, जेवण कुठे शिजतं, हे बघायचं असतं. मोबाइल हातात धरून महामार्गापासून खोलीच्या दारापर्यंत चालत जा, दार उघडा, नळ सोडून दाखवा. नेटवर्क येत नसेल तर तसं सांगा. काहीजण तेवढ्यासाठीच येतील.

रानातला माल विकणाऱ्यांनी जिभेला थोडा लगाम घालावा. शहापूरच्या कातकरी तरुणांनी सुनील पवार यांच्या पुढाकाराने गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली, वनधन केंद्राच्या आधाराने मोठ्या औषध कंपन्यांची दीड कोटींहून अधिकची मागणी मिळवली. ही आपल्या भागाची अभिमानाची गोष्ट. पण कंपनीला कच्चा माल देणं वेगळं आणि व्हिडिओत ‘हिने मधुमेह बरा होतो’ म्हणणं वेगळं. १९५४च्या औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने असे दावे करायला बंदी आहे आणि त्या यादीत मधुमेह आहेच. मध कुठल्या रानातला, कधी काढला, कसा गाळला हे दाखवा. तेवढं पुरतं. कायद्याचंच आणखी एक: सिनेमाचं गाजलेलं गाणं मागे लावू नका. हक्क दुसऱ्याचे असतात आणि व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो, किंवा व्हिडिओच काढून टाकला जाऊ शकतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत आहे. उखळातला मुसळाचा ठोका तर कुणाच्याच मालकीचा नाही.

शेवटचा वैताग आकड्यांचा. कुणा पोराचा नाचण्याचा व्हिडिओ लाखांनी बघितला जातो आणि आपला तांदूळ दीडशेच्या पुढे जात नाही. इथे मी ठामपणे सांगतो, ही तुलनाच चुकीची आहे. ज्या घरात विकायला दोन क्विंटल तांदूळ आहे त्याला लाख प्रेक्षकांचा उपयोग काय? पाच-पाच किलो घेणारी चाळीस घरं मिळाली की कोठी रिकामी. म्हणून व्हिडिओच्या नावात गाव, वस्तू आणि वर्ष घाला: ‘टोकावडे, मुरबाड, हातसडीचा तांदूळ’ आणि पुढे त्या वर्षाचा आकडा. शोधणारा याच शब्दांनी शोधतो. यूट्यूबवर लोक कितव्या सेकंदाला निघून गेले याचा आलेख दिसतो, तो मात्र जरूर बघा. पाचव्या सेकंदाला आलेख कोसळत असेल तर तुमचा नमस्कार लांबला आहे.

फोन येऊ लागले की प्रत्येक नंबर व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये नाव, गाव आणि काय घेतलं ते लिहून ठेवा. तांदूळ संपला की व्हिडिओ काढून टाकू नका, त्याखाली ‘या वर्षीचा संपला, नवा दिवाळीनंतर’ असं लिहा. दिवाळीच्या सुमारास खळ्यावर भात झोडायला घ्याल तेव्हा मोबाइल उभा करून पहिली झोडणी टिपा, आणि जगाला दाखवायच्या आधी ती त्या लिहून ठेवलेल्या नंबरांना पाठवा.